मथुराबाईंची जोडवी

मी डॉक्टर नाजनीन यांचा स्टेथोस्कोप बोलतोय. सोलापूरच्या भवानी पेठेतल्या दवाखान्यातून, खिळ्यावरून. हो, खिळ्यावरूनच! ऐन उमेदीत मला टांगून ठेवलंय.

बारा वर्षं मी बाईंच्या गळ्यात मिरवलो. आता रोज दुपारी त्या लॅपटॉपसमोर बसतात आणि खेड्यातल्या उपकेंद्रांतले पेशंट पडद्यावर तपासतात. छाती तिकडे टेंभुर्णीपलीकडे आणि मी इकडे! जीव नुसता खालीवर होतो.

गेल्या महिन्यात पडद्यावर मथुराबाई आल्या. मागच्या वेळी त्यांनी दम लागतो म्हणून सांगितलं होतं, पण चेहरा टवटवीत पाहून बाईंनी नुसत्या ताकदीच्या गोळ्या दिल्या. या वेळीही तोच थाट. नवं लुगडं, ठसठशीत कुंकू, तोंडभर पावडर. डॉक्टर बघणार म्हणजे जणू फोटोच काढायचा!

"कसं वाटतंय, मावशी?"

"बरं हाय की. दम तेवढा लागतो. आन् जोडवी लई रुतत्यात. सोनाराकडं सैल करून घ्याय पायजेत."

बाई पुन्हा गोळ्याच लिहायला लागल्या. मला राहवेना. अहो, वर्षानुवर्षं बोटात असलेली जोडवी आपोआप घट्ट होतात का? पण बाईंना माझं बोलणं कुठलं ऐकू जायला!

तेवढ्यात त्यांचं पेन थांबलं. "आरोही, मावशींचे पाय दाखव."

आरोही तिथली नर्स. तिने टॅबलेट खाली धरला.

"पाय कशाला गं? मातीनं भरल्यात," म्हणत मथुराबाई लुगडं खाली ओढू लागल्या.

पाय टम्म सुजले होते. आरोहीने बोटाने दाबलं, तर खळगा तसाच राहिला. मग तोंड धुवायला लावलं. पावडर गेली आणि काळवंडलेला चेहरा समोर आला.

बाईंनी लगेच रुग्णवाहिका बोलावली. ती मथुराबाईंना घेऊन सोलापूरला पोहोचेपर्यंत बाई दवाखान्यात येरझाऱ्या घालत होत्या. "मागच्याच वेळी पाय बघायला हवे होते," एवढंच पुटपुटत होत्या. मग मला खिळ्यावरून ओढलं आणि इस्पितळ गाठलं.

मथुराबाईंच्या पाठीला लागलो, तर आत पाण्याची बारीक चरचर. हृदय थकलं होतं, पण चालू होतं. मला रडू येईल असं वाटलं.

ऑक्सिजनचा मास्क जरा बाजूला करून मथुराबाई ओशाळून म्हणाल्या, "पुन्ना पावडर न्हाय लावली, डॉक्टरीणबाई. तुमी सोता येनार म्हाईत न्हवतं."

बाई हसल्या आणि त्यांनी मास्क परत नीट बसवला.

आता मथुराबाई घरी आहेत आणि मी परत खिळ्यावर. बाई हल्ली प्रत्येकाला आधी पाय दाखवायला सांगतात. तरी माझं चित्त थाऱ्यावर नसतं. तुम्ही कधी पडद्यावर डॉक्टरांसमोर बसलात, तर आहात तसेच बसा. मला तिथवर येता येत नाही हो.