तीनशे पावलं

गुणाजी मुळात बडबड्या माणूस. मिलच्या वीजघरात चोवीस वर्षं वायरमन, आणि तोंड असं की कामगारांवरचा जॉबरसुद्धा त्याच्या नादी लागत नसे. पण छप्पनच्या जानेवारीत त्याच्या तोंडाला कुलूप लागलं ते लागलंच. एकुलता एक आनंदा त्या महिन्यात गोळीबारात गेला. बरं, पोरगा मोर्चातही नव्हता. नाक्यावर काय चाललंय ते बघून येतो म्हणाला, आईने "जा, पण लवकर ये" म्हटलं, आणि तो जिना उतरला. गुणाजी तेव्हा ड्यूटीवर होता. इस्पितळाच्या व्हरांड्यात त्याने बायकोला एकच गोष्ट विचारली.

"तू त्याका सोडलंस कसा?"

पुन्हा त्याने ते कधी विचारलं नाही. पण त्यानंतर दोन वर्षं घोडपदेवच्या त्या एका खोलीत दोघांचं बोलणं म्हणजे मीठ दे, पाणी आलं, दार लाव. रडू तर दोघांनाही येत नव्हतं. सुभद्राला वाटायचं, आपल्याला कापूस भरून शिवून टाकलंय.

घरात आनंदाचं म्हणावं असं एकच उरलं होतं. त्याचं विमान.

हसू नका. खेळणं नव्हतं ते. आनंदा गिरगावात रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता. परदेशी मासिकातला नकाशा बघून त्याने हलक्या लाकडाचं, पाच फूट पंखांचं विमान बनवलं होतं. पुढे अंगठ्याएवढं इंजिन, पोटात बिनतारी संदेश पकडणारा डबा आणि त्याची शेपटीपर्यंत गेलेली तार, आणि जमिनीवर उभं राहणाऱ्याच्या पुढ्यात दुसरा डबा, त्याला उंच काठी आणि एक बटण. बटण दाबलं की शेपटीची पट्टी हलायची आणि विमान वळायचं. सगळं तयार होतं. फक्त उडवायचं राहिलं होतं.

विमानाचं सगळं आनंदाने एका वहीत लिहून ठेवलं होतं; गुणाजीने दोन वर्षं ती वाचून काढली. सुट्टीच्या दिवशी उकिडवा बसायचा आणि एकेक तार तपासायचा. सुभद्रा लांबून बघायची. ह्यांचं चित्त लागतंय ना कुठेतरी, लागू दे. पण यंदा पावसाळ्यात लाकूड फुगलं, पंखाचा कागद सुटायला लागला. दिवाळी झाल्यावर गुणाजी पहिल्यांदा चार वाक्यं सलग बोलला.

"आणखी एक पावसाळो ह्या काढूचा नाय. त्याने उडवूक बनवलेला. आपण एकदा उडवया. आणि परत घेऊन येवया."

परत घेऊन येवया. सुभद्राने तेवढंच ऐकलं. हरवलं तर? हरवलं तर हा माणूस पुन्हा तोच प्रश्न विचारील, आणि या वेळी आपल्याला ते सोसणार नाही.

जानेवारीतल्या एका रविवारी दुपारी दोघं शिवडीच्या पुढे मिठागरात गेली. विमान चादरीत गुंडाळून सुभद्राच्या मांडीवर, डबा गुणाजीच्या खांद्यावर. बसमध्ये एकाने विचारलं, काय आहे? गुणाजी म्हणाला, सामान.

वहीत लिहिलं होतं की आधी पल्ला तपासायचा, म्हणजे बटण किती लांबून चालतं ते. एकाने बटणापाशी थांबायचं, दुसऱ्याने विमान घेऊन लांब लांब जायचं. ते स्टुलावर ठेवायचं, चार पावलं बाजूला व्हायचं, आणि पट्टी हलली की रुमाल वर करायचा. तीनशे पावलांवर हलली तर उडवायला हरकत नाही.

"स्टूल खंय आणलाव?" सुभद्राने विचारलं.

"भुयेर ठेव."

"मी ह्या भुयेर ठेवूचंय नाय."

आता याला काय म्हणणार? घरात ते फळीवर असायचं, देवाच्या शेजारी. फळी झाडताना ती ते मांडीवर घ्यायची, पण जमिनीला कधी टेकवलं नव्हतं. पोराची वस्तू मातीत ठेवायची तिची छाती होईना. गुणाजीनेही वाद घातला नाही.

"बरा, धर हातात. त्यात काय एवढा."

मग ती विमान छातीशी धरून बांधावरून चालत गेली. पन्नास पावलं. रुमाल वर. शंभर. वर. दोनशे. वर. तीनशेला गुणाजीला ती ठिपक्याएवढी दिसत होती आणि रुमाल तरीही वर. प्रत्येक वेळी पट्टी टकटक करायची, तिला ती हाताला लागायची. ऐकतंय, ती मनात म्हणाली, एवढ्या लांबून बापाचं ऐकतंय.

ती परत आली, आणि इंजिन पहिल्या झटक्यात पेटलं. सुभद्राने विमान वाऱ्याकडे तोंड करून डोक्यावर धरलं. गुणाजी ओरडला, "सोड!"

तिने सोडलं.

देखणं उडालं हो. पश्चिमेच्या वाऱ्यावर चढलं, गुणाजीने बटण दाबलं तसं शहाण्यासारखं वळलं, त्यांच्या डोक्यावरून खाडीकडे निघालं. शंभर पावलांपलीकडे गेलं तेव्हा त्याने पुन्हा दाबलं. विमान सरळ चाललेलं. दीडशे पावलं, दोनशे. तो दाबत राहिला. वारा त्याला पुढे ढकलत होता. खाडीवर ते आधी कावळ्याएवढं दिसलं, मग चिमणीएवढं. तेल संपल्यावर आवाज थांबला. कुठे पडलं ते दोघांनाही दिसलं नाही.

अंगठा बटणावर ठेवून गुणाजी तसाच उभा राहिला, आणि त्याला कळलं. वायरमन माणूस, त्याला न कळून कसं चालेल! त्यांच्या चाळीत शामरावांचा रेडिओ खरखरला की कुणीतरी उठून त्याची एरियलची तार बोटांत धरायचं आणि बातम्या स्वच्छ यायच्या. माणसाचं अंग लागलं की तारेला बळ येतं. तीनशे पावलांवर विमान ऐकत होतं ते त्याची तार तिच्या छातीशी होती म्हणून. तिने सोडलं, त्याबरोबर पल्ला शंभरावर आला. आनंदा उगाच स्टूल म्हणाला नव्हता.

सुभद्रा बांधावर उभी होती. तिचे हात अजून वरच होते, ते तिने आता खाली घेतले. ती त्याच्याकडे बघत होती आणि वाट बघत होती. कसली, ते गुणाजीला ठाऊक होतं. आता तर त्याच्याकडे बोलायला खरंखुरं कारण होतं. शब्द जिभेवर आला. त्याने तिच्या तोंडाकडे बघितलं आणि तो गिळला.

"बॅटरी जुनी होती," तो म्हणाला. "माझी चूक झाली. तुझा काय नाय त्यात."

सुभद्रा बांधावरून खाली उतरली. मग अगदी साध्या आवाजात, पाणी आलं म्हणावं तसं, म्हणाली,

"ह्या तुमी तेव्हा बोलूक होया होता."

गुणाजीने मान हलवली. दुसरं काय करणार! त्याने काठी उतरवली, डबा खांद्याला लावला. सुभद्राने रिकामी चादर झटकली, चौघडी केली आणि काखेत मारली. बसस्टॉपपर्यंत ती पुढे चालत होती, तो मागून.