तृप्तीच्या जागी मी उभा राहिलो

मी पोतं बोलतोय. हसा, खुशाल हसा! पण रग्बीचा अख्खा सामना खेळलेलं दुसरं पोतं सबंध मुळशी तालुक्यात कुठं सापडलं, तर मला येऊन सांगा.

जातीचा मी तागाचा. भुकूमच्या शाळेत खिचडीचे तांदूळ घेऊन आलो, रिकामा झालो आणि उंदरांच्या तावडीत सापडलो. तेवढ्यात निषाद सर आले. माणूस अमरावतीचा, नोकरी हिंजवडीला कॉम्प्युटरवर, घर गावाबाहेरच्या नव्या सोसायटीत. कॉलेजात रग्बी खेळलेले. दर रविवारी ते शाळेतल्या मुलींना हा खेळ शिकवू लागले. लांबुळका चेंडू हातात घेऊन पळायचं आणि पलीकडच्या रेघेमागं जमिनीला टेकवायचा, म्हणजे ट्राय. पळणारीला कमरेत मिठी मारून पाडायचं, म्हणजे टॅकल.

आता पाडायचा सराव करायचा कुणावर? पोरी एकमेकींवरच करून गुडघे फोडून घेऊ लागल्या. शाळेची खिचडी शिजवणाऱ्या गंगूबाईंचं घर कुंपणाला लागूनच. त्यांना काही ते बघवेना. त्यांनी मला उचललं, बुडाशी वाळू भरली, वर ताम्हिणीकडचा पेंढा ठासला, डोक्यावर आणखी एक पोतं जोडलं आणि दाभणानं घट्ट शिवून टाकलं.

"घ्या सर. ह्याला काय बी लागत न्हाई."

लागतं हो! पण सांगतो कुणाला?

खरं सांगू, मला तो मार आवडायचा. चौदा पोरी ओळीनं यायच्या, धडाधड पाडायच्या आणि वर खिदळायच्या. खांदा लागला की कोण ते मी ओळखायचो. जुईली सोसायटीतली, पळण्यात सगळ्यांच्या पुढं. पण माझ्यापाशी आली की डोळे घट्ट मिटायची. तृप्ती गावातली, किसन गवंड्याची लेक. ती मात्र डोळे उघडे ठेवून यायची, आणि ती येऊन गेली की माझ्यातला निम्मा पेंढा भुसा झालेला असायचा. वा रे पोरी!

२००९च्या दिवाळीआधी पुण्यात स्पर्धा ठरली. सात खेळणाऱ्या, पाच राखीव, म्हणजे बाराच जणी जाणार. दोघी घरी. सरांनी आपापसातल्या प्रत्येक सामन्यात कोण किती पळालं, कुणी किती ट्राय आणि किती टॅकल केले, ते सगळं लॅपटॉपात भरलं होतं. त्यांनी यादी वाचली. पहिली जुईली. सगळ्यात शेवटी, चौदावी, तृप्ती. शेवटच्या तीन सामन्यांत ट्राय शून्य, टॅकल शून्य.

"वाईट वाटून घेऊ नकोस," सर म्हणाले. "सगळ्यांना एकच फूटपट्टी लावली आहे."

तृप्ती येऊन माझ्याशेजारी बसली आणि माझ्या सुतळीशी चाळा करत पुटपुटली, "बाबा म्हणलेत, संघात घेतलं तर खेळ. न्हाईतर दिवाळीनंतर आत्याकडं कासारसाईला जायचं. तिची लेकरं सांभाळायची, शाळा बी तितंच. खेळ बंद."

मी काय बोलणार? पोत्याला तोंड असतं, ते शिवलेलं.

गंगूबाईंनी मात्र ऐकलं. पदर खोचून त्या सरळ सरांपुढं उभ्या राहिल्या.

"ओ सर, आमच्या मोत्या कुत्र्यानं आजवर एक रानडुक्कर धरलं न्हाई. पर त्यो शेतात असला की डुकरं फिरकत न्हाईत. तुमच्या मशीनीत त्याचं काय मांडणार?"

सर हसले. "मावशी, इथं आकडे आहेत. शून्य म्हणजे शून्य. तिच्या जागी हे पोतं उभं केलं, तरी हाच आकडा येईल."

"मग करा की उभं!"

पोरींनी एकच कालवा केला. सर तसे खिलाडू. म्हणाले, "चला, होऊनच जाऊ दे!"

आणि काय सांगू महाराजा, मला उचलून उजव्या कडेला, तृप्तीच्या जागेवर नेऊन ठेवलं! माझ्या बाजूला सहा पोरी आणि मी सातवा. समोर जुईलीच्या सात. तृप्ती रेघेबाहेर बसलेली. तिचं वाईट वाटत होतं, पण खोटं कशाला बोलू, माझी छाती फुगली होती.

शिट्टी वाजली. चेंडू जुईलीकडं. ती थेट माझ्याच दिशेनं निघाली. 'ये बये, ये,' मी मनात म्हटलं. ती आली, माझ्या डोक्यावर एक टपली मारली आणि निघून गेली. ट्राय! पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मृण्मयी आली. एरवी चेंडू हातात आला की ती घाबरून दुसरीला देऊन टाकायची. तीही माझ्या बाजूनं रमतगमत पार झाली. मला सांभाळायला माझ्या सहाजणी उजवीकडं धावायच्या की मधे भगदाड पडायचं. "मधे सरका, जुईलीकडं बघा," असं एरवी तृप्ती ओरडायची. त्या दिवशी ओरडणारं कुणी नव्हतंच. चौदा मिनिटांत मी पाच ट्राय खाल्ले. लाज म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. तृप्ती मात्र हसून हसून गडाबडा लोळत होती.

सरांनी माझाही आकडा भरला. पोतं: ट्राय शून्य, टॅकल शून्य. वर तृप्तीची ओळ होती, हुबेहूब तीच. सरांनी त्या दोन ओळी पुन्हा वाचल्या आणि जुईलीला हाक मारली.

"दर वेळी पोत्याच्याच बाजूनं का पळालीस गं?"

"तिकडं तृप्ती नव्हती ना, सर! ती असली की कोण जाईल तिकडं? केवढं लागतं!"

"मग हे आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलंत कुठं? तुम्ही नुसते मोजत होतात."

सरांनी लॅपटॉप मिटला. "तृप्ती, चुकलं माझं. पहिलं नाव तुझं."

पोरगी जी सुटली ती आरोळी ठोकून थेट माझ्यावर! शिवण फाटकन उसवली, पेंढा आभाळात गेला, सरांच्या चष्म्यावर, गंगूबाईंच्या अंबाड्यात, सगळीकडं पेंढाच पेंढा. असा आनंद मला जन्मात झाला नव्हता.

पुण्यात पोरी तिसऱ्या आल्या. चार सामन्यांत तृप्तीचे टॅकल किती? दोन. आणि तिच्या बाजूनं झालेले ट्राय? एकही नाही. किसन आता रविवारी स्वतः तिला सोडायला येतो आणि कुंपणापाशी उभा राहून गंगूबाईंना रग्बीचे नियम समजावतो. सगळे चुकीचे.

आज २०१० साल. सरावाला स्पंजाची नवी, निळी पिशवी आलीय. मी जांभळीखाली असतो. दमलेल्या पोरी माझ्यावर बसतात. तक्रार काही नाही. तुम्हाला एवढंच सांगणं आहे. तुमच्या घरात, कचेरीत, संघात एखाद्याच्या नावापुढं शून्य दिसलं, तर नाव खोडायच्या आधी त्याच्या सोबत्यांना आणि समोरच्यांनाही विचारा. एवढं करूनही खात्री पटली नाही, तर त्याला एकदा बाजूला बसवून बघा. फक्त त्याच्या जागी उभं राहायला मला बोलावू नका. पाच ट्राय खाल्लेत, माझं पोट भरलंय.