कोण कोण जाणार

पानाचे चारही कोपरे कात्रीने गोल करून झाल्यावर त्याने ते पान स्वतःच्या गालावरून फिरवून पाहिले. एक कोपरा किंचित टोचला. तो पुन्हा कापला, पुन्हा गालाला लावला आणि मग पान भोके पाडायच्या यंत्रात सरकवले. यंत्रावर आधी टॉवेलची घडी ठेवली आणि तळहाताने हळूच दाबले. शेजारच्या खोलीत धाकटी होती, आणि तिला तो ‘खट्’ आवाज अजिबात खपत नसे.

हे एकविसावे पान. त्यावर फोटो होता: समुद्रावरच्या घरातले न्हाणीघर, त्याची निळी कडी आणि कडीवर त्याचा स्वतःचा हात. खाली मोठ्या अक्षरांत लिहिले होते, ‘ही कडी आडवी सरकते. वर उचलायची नाही.’

पोटापाण्यासाठी तो हेच करत आला होता. पंखे, मिक्सर, पाणी तापवायची यंत्रे यांच्या खोक्यात जी माहितीपुस्तिका असते, ती लिहिणारा कोणीतरी असतो, तो हा. ‘झाकण घट्ट बसल्याची खात्री करा’ हे वाक्य त्याने उभ्या आयुष्यात दोनशे वेळा तरी लिहिले असेल. लोक खोके उघडतात आणि पुस्तिका तशीच कचऱ्यात टाकतात, हे त्याला ठाऊक होते. धाकटी मात्र त्याने लिहिलेले अक्षर न अक्षर वाचे आणि लिहिल्याबरहुकूम वागे. लेखकाला आणखी काय हवे असते?

धाकटी आठ वर्षांची होती. तिला स्वमग्नता आहे, हे ती तीन वर्षांची असताना डॉक्टरांनी सांगितले होते. तेव्हापासून घर हळूहळू तिच्या कानांच्या मापाने शिवले गेले. दारांच्या चौकटींना कापडाच्या पट्ट्या लागल्या. मिक्सर ती शाळेत गेल्यावरच फिरे. बोलायचे ते हळू, हसायचे ते गालातल्या गालात. पाहुणे आधी कमी झाले आणि मग यायचेच थांबले. त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. सगळ्यांच्या ते अंगवळणी पडले होते.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी एक सहल करून पाहिली होती. डोंगरातले हॉटेल, तीन दिवसांचा बेत. न्हाणीघरात हात वाळवायचे यंत्र अचानक घोंघावले आणि धाकटी जेवणघरातल्या टेबलाखाली जी शिरली ती दीड तास बाहेर आली नाही. शेवटी तो तिच्यावर ओरडला. चारचौघांत, लोक घास हातात धरून बघत असताना, त्याने तिला दंडाला धरून ओढून काढले. त्या दुपारीच ते परतले. तिच्या दंडावर उठलेली त्याची चार बोटे दोन दिवसांत गेली. त्याच्या मनातून ती कधीच गेली नाहीत.

म्हणून नव्या सहलीत काय काय होईल ते धाकटीला आधीच फोटोंतून दाखवणारे हे पुस्तक. या वेळी काहीही अचानक होणार नव्हते. गर्दीचा हंगाम संपलेला. पाण्यापासून बावन्न पावलांवरचे दोन खोल्यांचे घर, आजूबाजूला कोणी नाही. भरती कधी, ओहोटी कधी, हेसुद्धा त्याने तारखेनुसार लिहिले होते. एकेका गोष्टीत त्याने डोळ्यांत तेल घालून लक्ष घातले होते.

फोटो काढायला तो मागच्या रविवारी थोरलीला घेऊन तिथे गेला होता. थोरली तेरा वर्षांची, हात स्थिर, त्यामुळे कॅमेरा तिच्याकडे. तो कडी धरी, नळ धरी, पायरीवर उभा राही, आणि ती न बोलता फोटो काढी. पुस्तिकांच्या धंद्यात त्याला असा छायाचित्रकार कधी मिळाला नव्हता, आणि हे त्याने तिला बोलूनही दाखवले. ती गालातल्या गालात हसली. दुपारी व्हरांड्यातून समुद्र दिसत होता. ती कठड्याला टेकून तिकडे बघत राहिली होती.

“बाबा, जरा पाण्यात पाय घालून येऊ?”

“आधी स्वयंपाकघर उरकू या. उजेड जाईल.”

स्वयंपाकघर उरकेपर्यंत चार वाजले. घरी बायको एकटी धाकटीला सांभाळत होती, निघणे भाग होते.

“आपण येणारच आहोत की नंतर,” तो म्हणाला.

थोरलीने मान डोलावली आणि कॅमेरा पिशवीत ठेवला.

पुस्तक तयार झाल्यावर आठवडाभर रोज संध्याकाळी सहाला त्याचे वाचन झाले. वाचायचे थोरलीनेच, कारण धाकटीला तिचाच आवाज चाले. चढउतार नसलेला, एका रेषेत जाणारा. हा आवाज थोरलीने कधी आणि कसा कमावला, हे घरात कोणाच्या लक्षातही आले नव्हते. ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचे आणि धाकटी प्रत्येक पानावर बोट टेकवून ‘झालं’ म्हणे. पाचव्या दिवसापासून ती वाक्ये आधीच म्हणू लागली. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एक फुली मारली जाई. नुसत्या ‘समुद्र’ या शब्दावर ती बोटे हवेत नाचवी. एवढ्या वर्षांत ती कशाची तरी वाट बघते आहे, हे त्याला पहिल्यांदाच दिसत होते. त्याचे काळीज सुपाएवढे झाले होते.

गुरुवारी, निघायला दोन दिवस असताना, तो बॅगा दाराशी लावत होता. एक त्याची आणि बायकोची, एक धाकटीची, एक तिच्या उशीची आणि चादरींची.

“तुझी बॅग कुठाय गं?” त्याने थोरलीला विचारले.

“माझी? ती भरायला अजून वेळ आहे. मावशी शनिवारी दुपारी येणारेय घ्यायला.”

“मावशी?”

“मी मावशीकडे राहणार ना. मीच फोन केला तिला मागच्या आठवड्यात.”

तो वाकलेला तसाच राहिला. स्वयंपाकघराच्या दारातून बायको बाहेर आली.

“तुमचं दोघांचं आधीच ठरलंय, असं वाटलं मला,” ती म्हणाली. “तिची परीक्षा जवळ आली म्हणून.”

“कोणी ठरवलं?” त्याचा आवाज नकळत चढला आणि सवयीने लगेच उतरला. “अगं, तू येणार नाहीस असं कोण म्हणालं तुला?”

थोरली गोंधळून त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने टेबलावरचे पुस्तक उचलले आणि चौथे पान उघडून त्याच्यासमोर धरले.

‘कोण कोण जाणार.’ आईचा फोटो. बाबांचा फोटो. धाकटीचा फोटो. खाली त्याच्याच अक्षरांत, ‘या घरात आपण तिघे राहणार.’

हे वाक्य त्याने लिहिले होते. लिहून झाल्यावर नेहमीसारखे दोनदा तपासलेही होते. तेव्हा त्याच्यासमोर होते ते फोटो, आणि फोटोंत जे दिसत होते तेच त्याने लिहिले. कॅमेरा धरणारा माणूस पुस्तिकेत कधीच येत नाही. वीस वर्षांच्या धंद्यात त्याला तो एकदाही आठवायची गरज पडली नव्हती.

“हे चुकून झालं,” तो म्हणाला. “शप्पथ, चुकून.”

“असू दे ना,” थोरली म्हणाली. “मला वाटलं तू मुद्दाम केलंयस. माणसं कमी तर आवाज कमी. बरोबरच आहे ते.”

ती हे रुसून म्हणाली असती तर त्याला सोपे गेले असते. तिच्या चेहऱ्यावर रुसवा नव्हता. आठवडाभर रोज संध्याकाळी तिने ते पान स्वतःच्या तोंडाने वाचले होते, ‘आपण तिघे’, आणि कोणासमोर ब्रही काढला नव्हता. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की तो तिच्याकडे बघू शकेना.

त्याने तासाभरात नवे चौथे पान केले. चार फोटो, ‘आपण चौघे’. कोपरे गोल केले, गालावरून फिरवले. शुक्रवारी सहा वाजता थोरली वाचायला बसली, तेव्हा तो आणि बायको दाराआड उभे होते.

“या घरात आपण चौघे राहणार,” थोरलीने वाचले.

धाकटीचे बोट पानावर टेकले नाही. तिने पान मागे उलटले, पुन्हा पुढे उलटले.

“तिघे,” ती म्हणाली.

“ताई पण येणार.”

“तिघे. तिघे. ताई नाही. तिघे.” ती पुढेमागे डोलू लागली. डोलणे वाढले आणि तिचा तळहात स्वतःच्या कपाळावर बसू लागला, एकदा, दोनदा, सटासट. तो आत धावणार तोच बायकोने त्याच्या मनगटाला धरले. थोरलीने तोवर नवे पान पुस्तकाच्या कड्यांतून सोडवून आपल्या मांडीखाली सरकवले होते. जुने तिने टाकलेच नव्हते. वहीत ठेवलेले ते काढून तिने जागेवर बसवले.

“या घरात आपण तिघे राहणार,” तिने त्याच सपाट आवाजात वाचले.

बऱ्याच वेळाने धाकटीचे बोट पानावर आले. “झालं.”

नंतर ते तिघे स्वयंपाकघरात कुजबुजत बसले.

“रद्द करू या,” तो म्हणाला.

“वेडा आहेस का, बाबा? आता फक्त एक फुली राहिलीये तिची.”

“मग मी थांबतो. तू आणि आई जा.”

“सहाव्या पानावर गाडी तू चालवतोयस.”

“पुढच्या महिन्यात आपण दोघंच जाऊ,” तो म्हणाला. “फक्त तू नि मी. पाण्यात पाहिजे तितका वेळ थांबू.”

“हो,” थोरली म्हणाली. मोठी माणसे लहान मुलांना ‘हो’ म्हणतात, तसे ते होते. बायको ओटा पुसत होती. पुसून झालेला ओटा ती पुन्हा पुसू लागली.

शनिवारी सकाळी थोरली फाटकापर्यंत आली. धाकटीचे कान झाकायचे हेडफोन तिनेच नीट बसवले. गाडी सुरू झाली तेव्हा तिने हात केला, आणि आरशात ती दिसेनाशी होईपर्यंत त्याने गाडी हळू चालवली.

समुद्रावर सगळे पुस्तकाप्रमाणे झाले. निळी कडी आडवी सरकली. बावन्न पावलांना बावन्न पावले भरली. धाकटी पाण्याच्या कडेशी उभी राहिली, लाट पायावरून गेली, आणि ती डोळे मिटून गुणगुणू लागली. दुसऱ्या दिवशी ती गुडघ्यापर्यंत आत गेली. तिने आईचा हात स्वतःहून धरला. बायको तिच्यापासून तोंड वळवून रडली, आणि ते सुखाचे रडणे आहे हे त्याला लांबूनही कळले. पाच वर्षे ज्यासाठी जिवाचे रान केले ते समोर घडत होते. तो व्हरांड्यात कठड्यापाशी उभा होता. पाण्याकडे जायला त्याचे पाऊल उचलेना. थोरलीला विचारल्याशिवाय तिथे जायचा आपल्याला हक्क नाही, असे काहीतरी त्याच्या मनाने घेतले होते. त्याने मावशीला फोन लावला.

पलीकडे नुसता गोंगाट होता. गाणी लावलेली, भांडे पडल्याचा आवाज, मावशीची दोन्ही मुले एकाच वेळी ओरडत होती.

“हां, भाऊजी, बोला,” मावशी जवळजवळ ओरडूनच म्हणाली. “बरी आहे का आमची छोटी?”

“मजेत आहे. पाण्यात खेळतेय.” पुढचे शब्द जुळवायला त्याला वेळ लागला. “थोरली कशी आहे? गप्प गप्प आहे का? जेवते का नीट? मनाला लावून घेतलं असेल तिनं. तिला सांग, म्हणावं बाबा—”

मागून हसण्याचा एवढा मोठा स्फोट झाला की त्याचे वाक्य तिथेच तुटले. कोणीतरी पोट धरून, श्वास अडकेपर्यंत हसत होते. थांबल्यासारखे होऊन पुन्हा नव्याने सुटत होते. चांगले खणखणीत, मोकळे हसणे.

“पाहुणे आलेत वाटतं तुझ्याकडे,” तो म्हणाला. “नंतर करू का फोन?”

“कसले पाहुणे? कोणी नाही.”

“मग हे हसतंय कोण एवढ्यानं?”

मावशीने गाण्यांचा आवाज कमी केला असावा, कारण ते हसणे आता आणखी स्पष्ट ऐकू येऊ लागले.

“अहो भाऊजी,” ती म्हणाली, “तुमचीच लेक ती.”

खाली धाकटी आईला लाटा मोजून दाखवत होती.

“बोलावू तिला?” मावशीने विचारले.

“नको,” तो म्हणाला. “बोलावू नकोस. फक्त फोन ठेवू नकोस इतक्यात.”