दिल्लीला जाऊन आलेली केळी

चुडामणला खोटं बोलता येत नव्हतं असं नाही. ट्रक चालवणारा माणूस, नाक्यावर, ढाब्यावर, माल उतरवताना चार शब्द इकडचे तिकडे करावेच लागतात. पण बायकोसमोर थाप मारायची म्हटली की त्याचे कान लाल व्हायचे, आणि इंदिराबाईची नजर नेमकी आधी कानांवर जायची. म्हणून या खेपेला थाप मारायचं काम त्याने हिलाल मिस्त्रीवर सोपवलं होतं.

भानगड सगळी इंजिनाची. सावद्याकडची केळी भरून दिल्लीला न्यायची, हाच चुडामणचा जन्माचा धंदा. दिवाळी रस्त्यात, आखाजी रस्त्यात, पोरांची बारशीसुद्धा रस्त्यात. इंदिराबाईने पोरं एकटीने वाढवली आणि कुरकुरही एकटीनेच केली, कारण ऐकायला घरी कोण होतं? शेवटी दिल्लीत एशियाड झाला त्या साली इंजिन खोलून पुन्हा बांधलं, तेव्हा तिने नवऱ्याला देवासमोर उभं केलं आणि वदवून घेतलं: आता पुन्हा इंजिन खोलायचं नाही. ज्या दिवशी ते थकेल, त्या दिवशी आपणही गाडीवरून उतरायचं आणि घरची केळीची बाग बघायची.

बोलून बसला बिचारा. नवं बांधलेलं इंजिन, वाटलं, म्हातारपणापर्यंत जाईल.

नाही गेलं. गेल्या वर्षापासून ते ऑईल प्यायला लागलं होतं. सकाळी चालू केलं की मागून निळा धूर निघायचा. चढावर दम लागायचा. चुडामणला सगळं कळत होतं, पण घरी ताकास तूर लागू देत नव्हता. बाग काही वाईट नव्हती हो, पण स्टेअरिंग सोडून आपण नेमकं कोण उरतो, हे त्याला उमगत नव्हतं आणि त्याची भीती वाटायची. ती बायकोला सांगायची तरी कशी? तेवढ्यात यंदा इंदिराबाईने फर्मान काढलं, "इंजिन थकलं की नाही, ते तुम्ही सांगू नका. हिलालभाऊ सांगतील, आन् माझ्यासमोर सांगतील."

हिलाल मिस्त्री मूळ धुळ्याकडचा. जळगावला हायवेलगत त्याचं गॅरेज. चुडामणचा जुना दोस्त, आणि दोस्तापायी काहीही कबूल करणारा. आदल्या दिवशी चुडामणने इंजिनात जाडं ऑईल ओतलं, म्हणजे धूर दबतो आणि खडखडही दबते. गॅरेजला येताना सावद्यापासून ट्रक तापवत आणला, म्हणजे चालू करताना निळा धूर दिसायला नको. राहिलेलं हिलालने सांभाळायचं ठरलं.

इंदिराबाई एस.टी.ने आली आणि एका जुन्या टायरवर ऐसपैस बसली. मांडीवर कापडी पिशवी. "हं, बघा," म्हणाली.

हिलालने बॉनेट उघडलं, इंजिन चालू करवलं आणि कान देऊन ऐकल्यासारखं केलं. "आवाज बेस शे, वहिनी," तो आपल्या अहिराणी वळणात म्हणाला.

"आवाजाचं ऱ्हाऊ द्या. झाकनाचं करून दाखवा. आमच्या पोराने सांगितलंय मला."

चुडामणने मनात पोराला दोन शिव्या घातल्या. झाकणाची परीक्षा साधी असते. इंजिन चालू ठेवायचं, ऑईल भरायच्या तोंडाचं झाकण काढायचं आणि तिथेच नुसतं उलटं ठेवायचं. इंजिन चांगलं असेल तर झाकण थरथरत जागेवर राहतं. आतल्या रिंगा झिजल्या असतील तर खालून वारा मारतो आणि झाकण उडून पडतं.

हिलालने झाकण काढलं, उलटं ठेवलं आणि त्यावर हळूच अंगठा दाबला. "दखा वहिनी, हालत नाही."

"हिलालभाऊ, अंगठा कशाला ठेवलाय?"

"गरम शे ना, वहिनी."

"गरम आहे तर काढा की अंगठा. भाजंल."

हिलालने चुडामणकडे बघितलं, चुडामणने आभाळाकडे बघितलं. अंगठा उचलला गेला. झाकण टुणकन उडालं, मडगार्डवर आपटलं आणि खाली तेलात जाऊन पडलं. उघड्या तोंडातून धुराचा लोट निघाला.

"थंडी शे ना, वहिनी," हिलाल घाम पुसत म्हणाला. "वाफ ती."

इंदिराबाईने पिशवीतून केळ्यांची फणी काढली आणि मांडीवर ठेवली. काळी पडलेली, लिबलिबीत. चुडामणने ती लगेच ओळखली. दर खेपेला भरलेल्या मालातली एक कच्ची फणी तो केबिनमध्ये, इंजिनावरच्या पत्र्याच्या पेटीशेजारी ठेवायचा आणि परत घरी आणायचा. दिल्लीला जाऊन आलेली केळी म्हणून पोरं हसत खायची, आता नातवंडं खातात. एवढी वर्षं घरात चाललेली गंमत ती.

"पहिले ही हिरवट यायची," ती म्हणाली. "मी गव्हाच्या कोठीत दडवायची, मंग पिकायची. वर्ष झालं, अशी येते. केळी पिकवणाऱ्यांच्या घरात जन्मले मी. केळीला धुरी लागली की काय होतं, ते मला कोन शिकवनार? पहिल्याच फणीला कळलं होतं."

"मग वर्षभर बोलली का नाहीस?" चुडामणने विचारलं.

"म्हटलं, तुम्ही सांगाल. तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. पन आता नाही थांबवत. ही फणी जिथं बसते, त्याच्या हातभर अंतरावर तुम्ही बसता. तोच धूर. रात्रभर खोकता, अन् मला सांगता की धूळ गेली."

गॅरेजात इंजिन अजून बडबडत होतं. हिलालने तोंड दुसरीकडे फिरवलं आणि उगाच एक पाना पुसायला घेतला. चुडामणला लाज वाटली, आणि लाजेच्याही वर तिची माया आली. वर्षभर ही बाई काळी केळी निवडून बाजूला ठेवत होती, आणि आपण हुशार समजत होतो स्वतःला.

तो बॉनेटजवळ गेला. त्या उघड्या तोंडावर स्वतःचा पंजा धरला. खालून वारा फसफसत हातावर आदळला. पंजा काळाभोर, ओलाचिंब झाला, तो त्याने तिच्यापुढे धरला.

"रिंगा गेल्या. बोअर गेला. कालच जाडं ऑईल टाकून आणलं, तुला कळू नये म्हणून," तो म्हणाला. "इंजिन संपलं. मी उतरलो."

कान लाल झाले नव्हते. तिने बघितलं.

एवढी वर्षं ज्या वाक्यासाठी भांडली, ते ऐकल्यावर इंदिराबाईचे डोळे भरून आले. तिने पदराचं टोक घेतलं आणि त्याचं एकेक बोट पुसायला लागली. "चांगलं लुगडं आहे," तो म्हणाला. "असू द्या," ती म्हणाली.

हिलालने झाकण पुसून घट्ट बसवलं. "माफी द्या, वहिनी," तो पुटपुटला. "तुम्हाला काय माफी. दोस्त कोनाचे तुम्ही," इंदिराबाईने त्याला सोडून दिलं. मग नवऱ्याला विचारलं, "घरापर्यंत जाईल ना?"

"तेवढं जाईल."

ती टायरवरून उठली आणि सरळ केबिनमध्ये चढायला लागली. लग्नापासून या धंद्यावर तिचं घर चाललं, पण ट्रकमध्ये ती कधी बसली नव्हती. चुडामणने हात दिला. तिने दोन्हीकडच्या काचा खाली करायला लावल्या, केळ्यांची फणी जुन्या जागेवर, इंजिनावरच्या पेटीशेजारी ठेवली आणि नाकाला पदर लावून समोर बघत बसली.

हायवेला लागल्यावर त्याने सवयीने भुसावळकडे गाडी वळवली आणि वेग धरला.

"एवढी घाई कसली?" ती म्हणाली. जन्मभर लवकर घरी या म्हणून मागे लागलेली बाई. "जामनेरवरून घ्या."

"जामनेरवरून लांब पडतं."

"पडू द्या," इंदिराबाई म्हणाली. "हळू चालवा."