पॅनेल टू पॅनेल

वाहिनीच्या दिग्दर्शकाने छबुबाईला तिसऱ्यांदा हंडा रिकामा करायला लावला, तेव्हा तिच्या लक्षात आले की या माणसाला पाण्याचा नव्हे, पाणी नसण्याचा तुटवडा भासतो आहे. २०१३चा एप्रिल होता. बिंदुसरेचे धरण आटले होते, तिच्या दोन्ही गायी पालीच्या चारा छावणीत होत्या. सुशिक्षित प्रेक्षकाला आठवडाभर हळहळायला एवढे पुरे होते. तरी दिग्दर्शक म्हणाला, "ताई, जरा भेगांकडे बघा. आणि हसू नका."

हसू नका, हीच अडचण होती. छबुबाई पंचक्रोशीत ओळखली जाई ती विहिणींना चिडवणाऱ्या गाण्यांसाठी. वाहिनीच्या 'कंठ मातीचा' या गाण्यांच्या स्पर्धेच्या चाचणीत तिने तसलेच गाणे म्हटले होते आणि परीक्षक पोट धरून हसले होते. पडद्यावर मात्र तिचे नामकरण 'दुष्काळाची लेक' असे झाले आणि दर आठवड्याला तिच्या वाट्याला एक रडके गाणे येऊ लागले. शहरांतले लोक डोळे पुसत मते पाठवीत. ती मते तिच्या गळ्याला की तिच्या तहानेला, हे विचारण्याचा असभ्यपणा कोणी केला नाही.

तिला एकच हवे होते: चौघांतून तिघांत जाणे. तिघांना आपल्या पसंतीचे गाणे म्हणता येई. साऱ्या महाराष्ट्राला एकदा विहिणीचे गाणे ऐकवावे, एवढ्यासाठी तिने चार रडकी गाणी निमूटपणे गिळली होती. पण मागच्या भागात ती चुकून खळखळून हसली. दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्राने 'दुष्काळाची लेक बदलली?' असा गंभीर प्रश्न विचारला, आणि ती पाच हजार मतांनी तळाला गेली.

"कावून घाबरती गं छबू?" छावणीत खुर्ची टाकून बसलेले दूध सोसायटीचे चेअरमन अर्जुनराव म्हणाले. चौदा वर्षे ते त्या खुर्चीवर होते. "तू निवांत गा. मतदान आमच्याकडं लागलं."

"चेअरमनसाहेब, तिथं समोरच्याला अर्ज माघारी घ्यायला लावता येत न्हाई," छबुबाई म्हणाली.

छावणी हसली. अर्जुनरावही हसले, पण जरा उशिरा.

"मग मतदान घेऊ की! चारशे बारा सभासद हायत. एका मोबाइलवरून वीस मतं चालत्यात. त्रिंबक, एकबी मत बाद होता कामा न्हाई."

सोसायटीचा सचिव त्रिंबक याने मान डोलावली. त्याची मान त्याच कामासाठी नेमलेली होती. छबुबाईने मनातल्या मनात हिशेब केला, आठ हजारांवर मते, आणि ती हलक्या मनाने मुंबईला गेली.

शनिवारी सायंकाळी थेट प्रक्षेपणाआधी नवऱ्याचा, बंकटचा, फोन आला.

"झालं गं मतदान! लई झ्याक. एक मत बाद न्हाई."

"समद्यांनी माजा तीन नंबरच दाबला न्हवं?"

"तीन दाबला. आन् एक, दोन, चारबी दाबला. परत्येकाला पाच-पाच. पॅनेल टू पॅनेल!"

सोसायटीच्या निवडणुकीत सर्वसाधारण, महिला राखीव, भटके-विमुक्त अशा प्रत्येक रकान्यात शिक्का पडलाच पाहिजे, नाहीतर आख्खे मत बाद, असे अर्जुनरावांनी चौदा वर्षे सभासदांना पढवले होते. कायद्यात असे काही नव्हते. आपले सगळे पॅनेल निवडून यावे, एवढेच त्यामागचे तत्त्वज्ञान. छबुबाईनेही असेच शिक्के मारले होते.

"अवो, ते तिघं माज्या इरोधात हायत!"

"आसतील. त्रिंबकनं तुला महिला राखीवमदी टाकलं. एकच रकाना भरला आसता आन् मत बाद झालं आसतं, तर?"

तिने फोन ठेवला. आधी तिला संताप आला, मग रडू, आणि मग ती इतकी हसली की रंगभूषाकाराला डोळ्यांतले काजळ पुन्हा भरावे लागले. आठ हजारांपैकी तिला दोन हजार मिळाली होती आणि विरोधकांनाही प्रत्येकी तेवढीच. ती तळालाच होती. तिघांत जाणे संपले, तर मग पसंतीचे गाणे म्हणायला परवानगी लागतेच कोणाची?

निकालाआधी तिने पाणी मागणारे गाणे म्हणायचे ठरलेले होते. बासरीने करुण सूर धरला. छबुबाईने पदर खोचला आणि टाळीवर ठेका दिला:

"विहीणबाई आली टँकरवर बसून,
तोंड तेवढं धुतलं, कान आली इसरून!"

बासरी गडबडली. ढोलकीवाला बहुधा तिच्याच मुलखातला असावा. त्याने दुसऱ्या ओळीलाच ठेका उचलला. परीक्षक हसले, कॅमेरेवाले हसले, मागच्या रांगेतल्या एका बाईने शेजारणीच्या पाठीत थाप घातली. छबुबाईने विहिणीची चार कडवी म्हटली आणि पाचवे तिथेच रचून परीक्षकांवर म्हटले.

निकाल लागला, ती स्पर्धेतून बाहेर पडली. निवेदिकेने तिला मिठीत घेतले, ओठ किंचित थरथरवले आणि कॅमेऱ्याकडे वळून म्हणाली, "या हसण्यामागे केवढं मोठं दुःख दडलंय, नाही का, ताई?"

"दुःख कशाचं बाई?" छबुबाई माइकमध्ये म्हणाली. "विहीण हाय ती. तुमच्या घरी न्हाई का?"

वाहिनीने तातडीने जाहिरात लावली.