बटाट्यावरचा फेस

"सर, उत्प्रेरक म्हणजे लग्न जमवणारा मध्यस्थ ना? मग दोन्हीकडं जेवून तो जाड कसा होत न्हाय?"

विचारून टाकलं एकदाचं! पैज शेजारच्या बाकावरच्या निंगव्वानं लावली होती, अन् हेमावतीला भ्यायचं कारणच उरलं नव्हतं. दिवाळीनंतर तिची शाळा बंद व्हायची होती. अव्वाचा, म्हणजे आईचा, खांदा गेलाय, मागाच्या सुताच्या कांड्या आता पोरीनं भराव्यात, असं तिचे वडील, आप्पा, म्हणत होते.

दहावीचा वर्ग बाकं बडवत हसला. बिराजदार सरांनी मात्र कापलेल्या बटाट्यावर हायड्रोजन पेरॉक्साइडचे थेंब सोडले. भसाभसा फेस आला.

"ही बटाट्यातल्या कणभर लोखंडाची करामत. पण एकट्याची नाही. धातूला धरून बसणाऱ्यांना लिगंड म्हणतात. काही उत्प्रेरकांत तर ते हायड्रोजन स्वतःच्या अंगावर घेतात, वेळ आली की परत देतात. नाव धातूचं, काम दोघांचं. आणि शेवटी दोघंही होते तसेच. जाड नाहीत, बारीक नाहीत!"

हेमावती घरी आली ती तरंगतच. आप्पा मागावर चादर विणत होते. शेजारी अव्वा रहाट फिरवत होती, कांडीवर निळं सूत चढत होतं. ती उंबऱ्यातच बसली. आडवं सूत नेणारा धोटा सळसळत गेला, आला, आणि तिला वाटलं, आपण एका इवल्याशा रेणूच्या पोटात बसलोय. सूत अव्वाच्या बोटांतून निघतंय, आप्पांच्या हातात जातंय, निळा फेस फुलत फुलत चादर होतोय. नव्या पेठेतले दुकानदार त्याच चादरीला एकट्या आप्पांच्या नावानं 'सिद्धलिंगप्पाची चादर' म्हणतात.

रहाट थांबला. अव्वा डोळे मिटून खांदा दाबत होती.

होते तसेच? अव्वा कुठं होती तशी राहिलीय?

"हेमा, बस की रहाटावर," आप्पा म्हणाले.

"बसते. रोज शाळेआधी बसणार. पण संध्याकाळी तुमी बसायचं, आप्पा."

"अगं बाई!" अव्वाला हसू फुटलं. "बापय माणसं कांड्या भरत्यात व्हय कुटं?"

"भरतील की! एकटं कुणीच झिजायचं न्हाय." हेमावतीनं रहाटाची मूठ धरली. "अव्वा, आप्पा, माझं ठरलंय. शाळा मी सोडणार न्हाय. अन् मॅट्रिक झाले की सायन्सलाच जाणार."