मध्यंतरानंतर

माझे यजमान नागनाथ सैन्यात हवालदार, पोस्टिंग बंगळुरूलाच. तिसरं बाळ झालं तरी त्यांचं ते जळलं मेलं सिनेमाचं वेड काही सुटलं नाही. थोरल्या दोघींना शेजारच्या भाग्यलक्ष्मीअक्कांकडे सोडायचं, बाळाला घेऊन मल्लेश्वरमच्या थिएटरला जायचं आणि पहारा बदलतात तशी पाळी लावायची. मध्यंतरापर्यंत मी आत, हे बाहेर बाळाला फिरवत. मग मी बाहेर, हे आत. शेवट मला परतताना रिक्षात ऐकायला मिळायचा, अगदी हातवाऱ्यांसकट.

काल हे ड्यूटीवर असताना असाच एक पाहिलेला युद्धपट टीव्हीवर लागला. या वेळी शेवट मी स्वतः पाहिला. नायक सीमेवर मारला गेला! मला तर यांनी सांगितलं होतं, तो सुट्टीवर घरी येतो आणि पोटभर थालीपीठ खातो.

संध्याकाळी यांना दारातच धरलं. "इतकं धडधडीत खोटं?"

बूट काढता काढता हे म्हणाले, "अगं, तो गेला हे फौजीच्या बायकोला कुठल्या तोंडाने सांगू?"

"आणि बाकीच्या सिनेमांतले?"

"सगळे घरी आले."

मी तोंड फिरवलं आणि थालीपीठासाठी तवा ठेवला.